मापासाठी नाही

हेडाऊ मिस्त्री प्रिंट घेऊन वर आले,
ओल्या अंगठ्याचा ठसा नेमका टायटल ब्लॉकवर.
‘मॅडम, हा जिना तिकडे जाऊन लहान होते का?
पहिला खांब पट्टीवर पंचेचाळीस भरते, गुणिले वीस, नऊशे.
शेवटचा बत्तीस.
सहाशे चाळीस कापू?’

हिंगण्याची एमआयडीसी, मेचा तिसरा आठवडा,
कूलरच्या ताट्या कधीच्याच वाळलेल्या.

चूक माझी.
क्लायंटला आवडावा म्हणून काढलेला पर्स्पेक्टिव्ह
तसाच ओढून टाकला शॉप ड्रॉइंगच्या शीटवर,
आणि चौकटीत आपोआप उमटलं : स्केल १:२०.
सॉफ्टवेअर खोटं बोललं नाही.
त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

दोन क्लिक लागतात फक्त.
एक, डोळा कुठे.
दुसरी, बघायचं कुठे.
डोळ्याची उंची सोळाशे पन्नास, ती कुणी ठरवली माहीत नाही.
मग समांतर रेषा झुकायला लागतात एकमेकींकडे
पंगतीत उशिरा भेटलेल्या बहिणी
कानाला लागाव्यात तशा.

प्लॅन, एलेव्हेशन यांचं तसं नसतं.
ते कुणीच कुठेही उभं नसताना पाहिलेलं असतं.
त्यात सगळे खांब सारखे,
जवळचा कुणी नाही, दूरचा कुणी नाही.

धंतोलीच्या जुन्या ऑफिसात डांगरेकाका
हे सगळं हातानं काढायचे.
लोपबिंदू कागदात मावायचा नाही,
बोर्डातही नाही,
म्हणून त्यांनी भिंतीत खिळा ठोकला, त्याला पांढरा दोरा बांधला.
दोरा ताणायचा, एक रेघ. पुन्हा ताणायचा.
शाळेचा व्हरांडा, दवाखाना, कुणाचं तरी मंगल कार्यालय,
सगळ्यांच्या भिंती धावत यायच्या त्या एका खिळ्याकडे.
मी रुजू झाले तेव्हा खिळ्याला कॅलेंडर होतं
बर्डीवरच्या चष्म्याच्या दुकानाचं.
दोरा नव्हता.
काका प्रत्येक चित्राखाली बारीक अक्षरात लिहायचे, शाईनं :
केवळ दर्शनार्थ. मापासाठी नाही.
मला वाटायचं, हा त्यांचा स्वभाव.

हेडाऊंना कळत नव्हतं असं नाही.
तांडापेठेत त्यांच्या वडिलांचा माग होता,
उभा धागा दूर जाताना कसा दिसतो
हे त्यांनी माझ्याआधी पाहिलंय.
‘दूरचं लहान दिसते, हे पोट्ट्यालाबी समजते मॅडम.
पण कागदावर आकडा आहे ना.
आकडा आला का त्याचं ऐकावं लागते.’
यावर मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

मग रिव्हिजन.
रेषा परत सरळ, खांब हजेरीला उभे,
नऊशे, नऊशे, नऊशे, नऊशे.
कोपऱ्यात तो व्ह्यू राहू दिला, त्याचं स्केल पुसलं.
आणि सहज, जाता जाता, डोळा खाली घेतला,
अकराशेवर :
स्टुलावर बसून, काच तोंडावर ओढून
वेल्डिंग करणाऱ्या माणसाच्या उंचीला.
तिथून जिना वेगळाच निघाला.
पायऱ्यांची पोटं दिसली.
आणि तिसऱ्या पायरीखाली गसेट नव्हता,
जो मी तीनही व्ह्यूंमध्ये विसरले होते.

हे मी कुणाला सांगितलं नाही. काढला, आणि नवी प्रिंट दिली.

हेडाऊ शेडमधून चालत गेले टोकाच्या बे-कडे,
दोन्ही बाजूंना सहा-सहा मीटरचे खांब,
प्रत्येक खांबाशी थोडे कमी होत.
दारात वळून ओरडून काहीतरी विचारलं.
ग्राइंडर चालू होता.
मी हात वर करून नऊ बोटं दाखवली.
त्यांनी अंगठा दाखवला,
तांदळाच्या दाण्याएवढा.